बाहेरून कडी

मी बोलायला फटकळ आहे, हे आधीच सांगते. मागाहून कोणी म्हणायला नको की शिवणवालीने शेजारणीची लक्तरं वेशीवर टांगली. तिच्या घरात लक्तरं नव्हतीच मुळी. सगळं धुतलेलं, घडी घातलेलं, जागच्या जागी. तिच्या घरात फक्त एक म्हातारी होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं.

माझ्या दारासमोर जिचं दार आहे, तिला आमच्या इमारतीत सगळे भोंगा म्हणतात. तोंडावर भोंगाताई, पाठीमागे नुसतं भोंगा. ती आरोग्य केंद्रात आहे. काम म्हणजे दारोदार फिरायचं आणि बोलायचं. कोणाची साखर वाढली, कोणाच्या पोराची लस राहिली, कोणाच्या गॅसची नळी कुजली, कोण बरं वाटलं की गोळ्या परस्पर बंद करतो. आवाज असा की तळमजल्यावर बोलली तर गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई 'हो हो' म्हणते. सुरुवातीला लोक ती दिसली की दारं लोटून घ्यायचे. मीही घ्यायचे. शिवता शिवता कोणी माझं वजन विचारलेलं मला खपत नाही.

पण बाई चिवट. जिन्यातल्या सायकली आणि मोडक्या खुर्च्या तिने भांडून हलवल्या, जिन्यात दिवे लावून घेतले. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका एका सकाळी बोलताना अडखळले, तेव्हा हिने त्यांना तिथल्या तिथे गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आता ते काठी टेकत का होईना, चालतात. तेव्हापासून ती दाराशी आली की लोक खुर्ची पुढे करायला लागले.

तिची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे दाराची परीक्षा. ती घरात यायची, सगळं बघायची, मग स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घ्यायची आणि ओरडायची, "आता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने दार उघडा! कोणी मदत करायची नाही!" आतून कडी निघाली की पास. निघाली नाही की दुसऱ्या दिवशी सुतार बोलवायचा. माझी वरची कडी तिने खाली घ्यायला लावली. "मावशी, रात्री धूर झाला तर स्टूल शोधत बसणार का?" मी म्हटलं, मी म्हातारी कुठे आहे? तर म्हणते, "घरात तुम्ही एकट्याच, मग सगळ्यात म्हाताऱ्या तुम्हीच." घ्या! आता हिच्याशी काय बोलणार?

आणि ही बाई सकाळी कामाला निघताना स्वतःच्या आईला आत ठेवून बाहेरून कुलूप घालायची.

मला ठाऊक होतं. जादा किल्ली माझ्याकडेच असायची. आजी आयुष्यभर बस डेपोत तिकीट खिडकीवर बसलेली. सगळं विसरली, मुलाचं नाव विसरली, जेवल्याचं विसरते, पण ड्यूटी विसरली नाही. दार उघडं दिसलं की पर्स खांद्याला लावून निघालीच. एकदा डेपोत पोचली आणि खिडकीत बसलेल्या पोरीशी भांडली, "ऊठ, ही माझी जागा आहे." दुसऱ्यांदा डेपोपर्यंत पोचलीच नाही. मोठ्या रस्त्यावर एका मोटरसायकलने उडवलं. कोपर फुटलं, कपाळाला टाके पडले. नशीब, ट्रक नव्हता. त्या संध्याकाळी भोंगाने कुलूप आणलं.

दुसरा काय उपाय होता, सांगा? बाई ठेवून बघितली. आजीने तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, गल्ल्यातले सुट्टे तूच काढलेस. ती कशाला थांबते! नोकरी सोडावी तर खायचं काय? आणि भाऊ आहे एक, लांब. तो फोन करायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? "आईला घरीच ठेव हं, तिला परक्या लोकांत टाकायचं नाही." भोंगा ऐकून घ्यायची. साऱ्या वस्तीला दटावणारी बाई भावापुढे नुसती "हो दादा, हो दादा" करायची. मला असा संताप यायचा की सुई बोटात जायची.

दिवसभर मी मशीनवर, आणि समोरच्या दारामागे आजी.

"कोण आहे बाहेर? दार उघडा. मला उशीर होतोय."

"आजी, आज संप आहे."

"परवाही संपच होता."

"मिटला नाही अजून."

"युनियनवाल्यांना काही कामधंदा नाही," आजी म्हणायची, आणि पाय ओढत आत जायची. थोड्या वेळाने पुन्हा येऊन कडी खडखडवायची. कधी कधी तिला संप पटायचा नाही. मग ती दारावर थापा मारायची आणि म्हणायची, "मी काय केलंय? मला का ठेवलंय इथे?" तेव्हा मी मशीन जोरात चालवायचे. ऐकवत नव्हतं, खरं सांगते. दार उघडून आत जाऊन बसायचं म्हटलं तर माझं काम कोण करणार? आणि उघडलं की ती माझ्या काखेखालून निसटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालं होतं.

एका शनिवारी भोंगाने आमच्याच मजल्यावर सभा घेतली. सभा म्हणजे पंधरावीस बाया, ड्रायव्हरकाका आणि खाली अंथरलेली माझी सतरंजी. विषय होता, घरात आग लागली तर. ती रंगात आली होती. ओलं फडकं कसं धरायचं, खाली वाकून कसं चालायचं, सगळं करून दाखवत होती. बाया हसत होत्या, शिकतही होत्या. आणि तिच्या पाठीमागच्या दारावर आतून थापा सुरू झाल्या.

भोंगाने आवाज चढवला. थापाही वाढल्या. ती आणखी मोठ्याने बोलायला लागली. "आणि लक्षात ठेवा, माणूस आत असताना बाहेरून कडी..." इथे ती थांबली. बायांनी माना खाली घातल्या. काका उगाच खोकले. सगळ्यांना माहीत होतं ना! आजवर कोणी बोललं नव्हतं इतकंच.

तिसऱ्या मजल्यावर नवी सून आली होती. पोरीला प्रश्न फार पडतात म्हणून मी तिचं नाव वकील ठेवलं होतं. बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने सरळ विचारलं, "ताई, या दाराची परीक्षा राहिलीय का? आत्ताच घेऊया ना, आम्हाला बघायला मिळेल."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं म्हणायची गरजच नव्हती. मी वळून असं बघितलं की ती बाई सतरंजीचे दोरे मोजायला लागली.

भोंगाने कमरेची किल्ली काढली. ती दोनदा कुलपाला लागून घसरली. दार उघडलं. समोर आजी उभी. केस चापूनचोपून विंचरलेले, खांद्याला पर्स, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तिने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"केवढी गर्दी! रांगेत उभे राहा. ढकलाढकली करायची नाही."

आम्ही हसलो. हसू आवरलंच नाही. आणि मग एकेकीचं हसू घशातच राहिलं, कारण भोंगा भिंतीला टेकून खाली बसली होती.

"नापास," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरीच कोणी बोलली. "माझं घर नापास आहे. लिहा, सांगा केंद्रात, काढू देत मला. रोज कुलूप लावते आणि जिना उतरते. तुमच्या घरी येऊन गॅसची नळी बघते तेव्हा डोळ्यांसमोर माझाच गॅस असतो. उघडं ठेवू म्हणता? ठेवते. उद्या दुपारी तुम्ही जा तिला रस्त्यावर शोधायला. सांगा ना कोणीतरी, काय करू? सगळ्यांना मी सांगते, मला कोण सांगणार?"

मला राग आला. कोणाचा ते विचारू नका, सगळ्यांचाच.

"पुरे झालं रडगाणं," मी म्हटलं. "सोमवारपासून दार उघडं राहील. आजीची खुर्ची माझ्या दाराशी. सकाळी मी आहेच. दुपारी वकील बसेल, तोंड चालवायची हौस आहे तिला. संध्याकाळी काका. काठी आडवी धरली की जिना बंद. आणि ब्रह्मज्ञानवाल्या बाईंनी बुधवार घ्यावा."

बाईंनी घेतला. न घेऊन सांगतात कोणाला!

आणि काय सांगू, जमलं हो. आजी जिन्याच्या तोंडाशी खुर्चीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "कुठे जायचंय?" गच्चीवर म्हटलं की माझ्याकडच्या कापडाच्या चिंधीचं तिकीट फाडून द्यायची. पोरं मुद्दाम चार चार वेळा जिना चढायची. पाव्हणे आले तर तेही तिकीट घेऊनच वर जायचे. आजीच्या अंगावर मांस आलं. भोंगाने सगळ्या वस्तीत सांगायला सुरुवात केली की आमच्या इमारतीत असं असं चालतं, आणि पलीकडच्या गल्लीत दोन घरांनी आपापल्या म्हाताऱ्यांसाठी तसंच सुरू केलं. मला कोणी विचारलं तर मी म्हणायचे, मी काही केलं नाही, मी फक्त ओरडले.

पण नव्याचे नऊ दिवस. वकिलीणबाई बाळंतपणाला माहेरी गेली. काकांचा गुडघा सुजला, जिना उतरवेना. बुधवारवालीच्या घरी तिचीच सासू आजारी पडली, तिला कोणत्या तोंडाने म्हणू की इकडे ये? माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं, मान वर करायला सवड नाही. कोणी मनाने वाईट नव्हतं. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या मानेवर. भोंगाने कोणाला बोल लावला नाही. एका सकाळी मला तो आवाज आला, कुलूप बंद झाल्याचा. ती माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. मीही मशीनवरून उठले नाही.

मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोजचंच. सुट्टीच्या दिवशी तेवढं दार सताड उघडं असायचं, आजी बाहेर खुर्चीत आणि भोंगा आत कपडे, भांडी, फोन, सगळं एका दमात उरकत.

तसाच एक रविवार. मी गणवेशाला बटणं लावत होते. दार वाजलं म्हणून बघितलं तर समोरचंच वाजत होतं, आतून. आजी मात्र बाहेर खुर्चीत बसलेली, पाठ ताठ. दाराला कडी आणि कडीला कुलूप. दाबलं की बसणारं कुलूप ते, किल्ली लागतच नाही.

"आई! आई, उघड गं!" आतून भोंगा.

"आजी, हे काय केलंत?"

"तिला आत ठेवलंय," आजी म्हणाली. इतकं सरळ आणि इतकं शहाण्यासारखं की माझ्या अंगावर काटा आला. "बाहेर गेली की दिवस दिवस येत नाही. रस्त्यावर गाड्या किती असतात. तिला काही झालं तर मी काय करू? मी एकटी बाई."

मी धावत जाऊन जादा किल्ली आणली. आजीने मला अडवलं नाही, पण खुर्चीतून उठून दाराला पाठ लावून उभी राहिली.

"थांब गं, मी आलेय," मी दाराला तोंड लावून म्हटलं. "किल्ली आहे माझ्याकडे. आजी सरकल्या की उघडते."

आत सगळं शांत झालं. मला वाटलं चक्कर आली की काय. मग दाराच्या अगदी खालच्या बाजूने आवाज आला. ती जमिनीवर बसली होती.

"मावशी, नका उघडू."

"वेड लागलं का तुला?"

"थोडा वेळ. तुम्ही आहात ना बाहेर? मग राहू दे. आत कोणीच नाही. मला जरा बसू दे."

आणि ती रडायला लागली. इतकी वर्षं समोरासमोर राहतोय, तिचं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं तिला रडायला येतच नसावं.

जिन्यावरून कोणीतरी हाक मारली, "भोंगाताई आहेत का? आमच्या ह्यांचं प्रेशर बघायचं होतं."

मी तोंड उघडायच्या आत आजी बोलली. "नाही. आज ती कोणाला भेटणार नाही. उद्या या." मग ती हळूच वळली, दारावर हात ठेवला आणि फळीला गाल टेकवला. "रडू नकोस, बाळ. मी आहे इथे. कुठेही जात नाही मी."

आत रडणं वाढलं. मी किल्ली हातात घेऊन उभी होते, आणि आजीला बाजूला हो म्हणायचं धाडस माझ्याच्याने होईना.