एका पायातला बूट

वीर स्टेशन केव्हाच मागे पडलं, तरी कमळाबाई काही रिक्षाला हात करू देईना. छातीशी तसबीर, तिचं तोंड रस्त्याकडे. आम्रपाली तिच्याच वाडीतली, महाडच्या शाळेत शिकवणारी, अधूनमधून गोष्टी लिहिणारी. "आत्ये, दे गो, मी धरते घटकाभर," ती पुन्हा म्हणाली.

"नको. आन् रिक्षात बसून मिरवायची कुणापुढं? रिक्षावाल्यापुढं?"

तसबिरीतला पोरगा म्हणजे कमळाबाईचा आजा, धोंडू. इंग्रजांच्या काळात दासगावच्या बंदरातून बोटीने मुंबईला गेला, गोदीत ओझी वाहिली. परतला तो एक गोष्ट घेऊन. एका चितारी साहेबाने त्याला खुर्चीवर बसवून त्याचं चित्र काढलं. अंगावर साहेबाचा कोट, एका पायात साहेबाचा बूट. दुसऱ्या पायावर पेटी पडून तो सुजलेला, बूट चढेना. साहेब म्हणाला, धोतराखाली लपव. धोंडू म्हणाला, "हाय तसा काढा."

गाव हसलं, वाडीही हसली. ज्याला गावात कुणी ओटीवर टेकू दिलं नाही, त्याला साहेब खुर्ची देतो होय! घराचं नावच 'खुर्चीवाले' पडलं. कमळाबाईला दिली तीही वाडीतच, म्हणून लग्नानंतरही ते नाव सुटलं नाही. आपला आजा खोटारडा नव्हता, एवढं एकदा वाडीच्या तोंडून ऐकायचं, हीच तिची आस.

यंदा मुलांची सहल घेऊन मुंबईच्या एका संग्रहालयात गेलेली आम्रपाली एका चित्रापुढे थबकली. खाली नुसतं 'तरुण स्थलांतरित'. वर खुर्ची, आणि एकाच पायात बूट. मग तिने कमळाबाईला तिथे नेलं. बाई रडली नाही. हात जोडून म्हणाली, "ऊठ आजा, घरी चल." परवानगीने काढलेल्या फोटोची तसबीर करून दोघी आज परतत होत्या.

वाडीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर कुशाबा बसलेला. ऐंशी उलटली, तरी जिभेची धार तशीच.

"काय गो खुर्चीवाली, कुणाचा फोटू?"

"तूच बघ."

त्याने चष्मा पुसला. "नाव कुठं हाय? मुंबईत अशी छप्पन्न पोरं."

नाव खरंच नव्हतं. कमळाबाईने तसबीर त्याच्या मांडीवर ठेवली.

कुशाबाचं बोट कोटावरून फिरत उघड्या पायाशी येऊन थांबलं. अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला.

"ह्या अंगठ्यावरनं लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो," तो हळूच म्हणाला. "धोंडूतात्याच गो ह्यो. खोटं नव्हता बोलत म्हातारा."

मग उठला आणि टपरीतली खुर्ची त्याने डोक्यावर घेतली. "सरका रे, खुर्चीवाले आले!"

विहारापर्यंत निम्मी वाडी मागे लोटली. बुद्धमूर्तीच्या बाजूला खुर्ची मांडली, खुर्चीवर आजा. त्रिशरण म्हणताना आम्रपालीचा आवाज भरून आला. कमळाबाईचा मात्र खणखणीत.

मेणबत्ती लावून ती आम्रपालीच्या कानाशी आली. "तू लिहितेस ना गो? ह्याचं पण लिही. पण पोरी, शोभा म्हणून दुसऱ्या पायात बूट घालू नको हां."