विनाकारण थांबा

रामनगरच्या बसस्टँडपासून चार पावलांवर आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मी तिथं वीस वर्षं काम करते. बेळगावकडून साखरेची पोती भरून आमचे ट्रक गोव्यातल्या एका कारखान्यात जातात आणि कुठली गाडी कधी पुढे सोडायची हे बघणं माझं काम. पूर्वी ते सगळं फोनवर चालायचं. अनमोडला पोचलेला ड्रायव्हर टपरीवर चहा घेत फोन करायचा, धुकं किती आहे, कुठं दरड आलीय का ते सांगायचा, आणि मी हो म्हटल्यावरच गाडी घाटात उतरायची. पावसाळ्यात मी गाड्या अर्धा अर्धा दिवस वर थांबवून ठेवल्यात. मालक त्यावरून कधी बोलले नाहीत.

मग कारखान्याचं पत्र आलं. गाडी कुठं आहे ते दाखवणारं यंत्र ज्या गाडीत नसेल तिला यापुढं माल मिळणार नाही, असं. मालक दोन दिवस ऑफिसात नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बाकीच्यांनी बसवलीत, आपण मागं राहिलो तर शटर ओढायची पाळी येईल. ते खोटं नव्हतं.

हुबळीहून माणसं आली. प्रत्येक केबिनमध्ये काडेपेटीएवढा डबा बसला आणि माझ्या टेबलावर मोठा स्क्रीन. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. नकाशावर आपल्या गाड्यांचे ठिपके सरकताना बघत मी पहिले काही दिवस जेवायलासुद्धा उठत नव्हते. चालती गाडी हिरवी. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली की लाल, आणि शेजारी अक्षरं यायची, ‘विनाकारण थांबा’. तेच कारखान्यातही दिसायचं. मग मी यादीतलं कारण निवडायचं: जेवण, डिझेल, पंक्चर, पोलीस, वाहतूक कोंडी. ज्याचे लाल थांबे जास्त, त्याला पुढच्या महिन्यात माल सगळ्यांच्या शेवटी.

सगळ्यात जास्त लाल आमच्या सर्वात जुन्या ड्रायव्हरचे होते. खानापूरकडचा माणूस, साठीला आलेला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. भरलेली गाडी उतरवताना ते घाटाच्या मध्यावर, रुंद जागा बघून हमखास थांबायचे, खाली उतरून एकेका चाकाजवळ हात नेऊन धग बघायचे. मी फोन केला की म्हणायचे, “डरम तापल्यात, अक्का. गार हुंदेत जरा.” ब्रेक तापलेत, असं कारण यादीत नव्हतं. म्हणून मी वाहतूक कोंडी निवडत होते. दोन महिने ते खपलं. मग कारखान्यातून एका पोरसवदा आवाजाच्या साहेबाचा फोन आला. त्याच वेळी त्याच रस्त्यावर तुमच्याच दुसऱ्या दोन गाड्या हिरव्या होत्या, मग कोंडी कसली, असं त्यानं शांतपणे विचारलं.

त्या संध्याकाळी मामा ऑफिसात आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं, “मामा, आता घाटात थांबू नका. मला झाकता येईना.”

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. “व्हय,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांचा ठिपका लाल झाला नाही. मालक खूश झाले. मला मात्र तो हिरवा ठिपका घाटातून सलग उतरताना बघवत नव्हता. मामांची गाडी घाटात शिरली की मी उगाच कागद चाळत बसायचे.

श्रावणातली सकाळ होती, बाहेर दिवा लावावा इतका अंधार आणि पाऊस. पूर्वीचे दिवस असते तर मी गाडी अनमोडलाच धरली असती. पण आता फोन येत नव्हते, वेळ स्क्रीनच ठरवत होता. मामांचा ठिपका उतरायला लागला. नेहमीपेक्षा वेगात. बाजूला ‘वेळेच्या आधी’ असं हिरव्या अक्षरांत आलं. मग ठिपका थांबला.

मला वाटलं, बरं झालं, थांबले एकदाचे, ब्रेक गार करत असतील. दहा मिनिटांनी तो लाल झाला, स्क्रीन टिंग टिंग वाजायला लागला. मी वाहतूक कोंडी निवडली आणि चहा मागवला. नंतर फोन लावला, तो लागला नाही. अर्ध्या तासानं मागून येणाऱ्या आमच्याच दुसऱ्या ड्रायव्हरचा फोन आला. मामांचे ब्रेक लागलेच नव्हते. दरीकडे जाण्याऐवजी त्यांनी गाडी डोंगराच्या अंगावर घातली होती. त्यांचा पाय आत अडकला होता. फुटलेल्या पोत्यांतली साखर पावसात विरघळून रस्त्यावरून वाहत होती, त्यात माणसांचे पाय चिकटत होते, असं तो सांगत होता. आणि स्क्रीन वाजतच होता.

मामा वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. महिन्याभरानं मी त्यांच्या गावी गेले. घराच्या सोप्यात खाटेवर बसले होते. मी थांबू नका म्हटलं, ते माझंच चुकलं, असं मी रडत सांगितलं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

“तू म्हणालीस म्हणून न्हाई, अक्का,” ते म्हणाले. “ते लाल मलाबी बघवंना झालं हुतं. आयुष्यभर गाडी चालवली, आन शेवटी नावं ठेवायला लागली सगळी.”

मालकांनी कारखान्याला लिहिलं, घाटासाठी एक कारण वाढवा. विचार करू, असं उत्तर आलं. कारण अजून वाढलेलं नाही. मागच्या महिन्यात हुबळीची माणसं पुन्हा येऊन गेली. आता केबिनमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा आहे. डोळे मिटले, मान वळली, की माझ्याकडे वाजतं. एका ड्रायव्हरनं मला विचारलं, आरशात बघायला मान वळवली तर चालंल न्हवं? मी त्याला म्हटलं, बघ, पण पटकन बघ.