रांगेत नसलेला आरोपी

पोलीस खात्यात आयुष्य गेलं. गुन्हे अनेक उघडकीस आणले, बरेचसे विसरलोही. देऊळगाव राजाला ठाणेदार असतानाचं एक प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. एक तरुण संशोधक बाई तक्रार घेऊन आल्या. संग्रामपूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या गावांत तरुण माणसं मूत्रपिंड निकामी होऊन जातात, त्याचं कारण त्या शोधत होत्या.

"मला खोटी अँटिबॉडी विकली गेली, सर."

मला काही कळेना. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. अँटिबॉडी शरीरातलं एक ठरावीक प्रथिन ओळखते आणि ते जिथे असेल तिथेच रंग उमटतो. यांना विकलेल्या कुपीतल्या अँटिबॉडीने मात्र, ज्या पेशींत ते प्रथिन नव्हतंच, तिथेही रंग दाखवला होता.

"म्हणजे ओळख परेडमध्ये आरोपी उभाच नाही, तरी साक्षीदार बोट दाखवतो," मी म्हणालो.

"तसंच. आणि ही पारख मी फार उशिरा केली. तोवर लेबलवर विसंबून राहिले."

त्या कुपीचं पार्सल आमच्याच गावातून गेलं होतं. खबऱ्याला कामाला लावलं. चार-पाच दिवसांत तो आला.

"साहेब, बाजारामागच्या एका खोलीत बर्फाचे डबे येऊन राह्यले. तिथं दवाखाना नाही, मेडिकल नाही. मंग बर्फ काऊन लागते?"

पंचांसमक्ष झडती घेतली. फ्रीजमध्ये सारख्याच कुप्या, बाजूला वेगवेगळ्या नावांची लेबलं. मुद्देमाल सीलबंद केला, माणूस ताब्यात घेतला. विज्ञान शिकलेला, बोलायला गोड. चौकशीत तो एकच सांगत राहिला.

"माल चांगला आहे, साहेब. बाईंना वापरता येत नाही."

असा आरोपी धमकावल्याने बोलत नाही. मी त्याला चहा दिला आणि वाट पाहिली. जप्त कुप्या सरकारी प्रयोगशाळेत गेल्या. तीन वेगळ्या नावांच्या तीन कुप्यांनी नेमका एकसारखा रंग दाखवला. तिन्हींत एकच द्रव होता. अहवाल समोर ठेवला तेव्हा त्याने सूर बदलला.

"हे औषध थोडंच आहे, साहेब? यानं कोणी मेलं तर नाही ना?"

 त्याचं उत्तर मला संग्रामपूर तालुक्यात मिळालं.

तिथे एका आईचा जबाब घ्यायला गेलो होतो. तिचा मुलगा याच आजाराने गेला होता. जाण्याआधी त्याच्या मूत्रपिंडाचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढला होता, आणि मायलेकांनी तो संशोधनाला दिला होता. त्याचे जवळपास सगळे पातळ काप त्या खोट्या कुपीवर खर्ची पडले होते. ओसरीवर पाणी देऊन ती म्हणाली, "माह्या लेकाचं या जगात तेवढंच राह्यलं होतं, साहेब. तेही खोट्यात गेलं."

जमादाराने ते शब्द जबाबात जसेच्या तसे लिहिले.

आरोपपत्र दाखल झालं, पुढे शिक्षाही झाली. बाईंनी नवी अँटिबॉडी मागवली. यावेळी आधी ती प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही पेशींवर तपासली. असलेल्यांत रंग आला, नसलेल्यांत आला नाही, तेव्हाच मुलाचा उरलेला एकमेव काप काढला. त्यावर रंग आला नाही. म्हणजे ज्या प्रथिनाला त्या आजाराचं कारण धरून चालल्या होत्या, ते त्या मुलात नव्हतंच. त्या स्वतः मुलाच्या गावी जाऊन आईला हे सांगून आल्या.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. साक्षीदार होकार कुठे देतो यापेक्षा, जिथे नकार द्यायला हवा तिथे तो देतो का, हे आधी पाहावं. पुढच्या प्रत्येक तपासात मी ते पाळलं.

आता निवृत्त आहे. त्या आईचा अधूनमधून फोन येतो. मी डॉक्टर नाही, हे तिला ठाऊक आहे.

"साहेब, कारण काही समजलं का?"

"अजून नाही, माय. बाई शोधून राह्यल्या."

"हाव," ती म्हणते. मग मी शेतातल्या कापसाचं विचारतो, ती माझ्या तब्येतीचं विचारते.