पाण्यावर ये

समुद्र बघायचं वेड माझं नव्हतं, आबांचं होतं. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर आमच्या हट्टा गावच्या शिवारात मेंढरं राखली. मेंढरांना खडेमीठ चारताना हमखास विचारायचे, "हे ज्या पाण्यातून निघतं ते केवढं असंल गं?" मी अंगणवाडीतली बाई, चार बुकं शिकलेली. "दाखवते की येत्या उन्हाळ्यात," म्हणायची. असे कितीक उन्हाळे गेले आणि एक दिवस आबाही गेले. दिलेला शब्द तेवढा माझ्या गळ्यात अडकून राहिला.

दोन वर्षांनी मी विशाखापट्टणमचं तिकीट काढलं, एकटीचं. धाकटा भाऊ म्हणाला, "एकटी काहून जाऊन राहिलीस, ताई? अन् आता कोणाला दाखवतीस समुद्र?" दुसरा प्रश्न मी ऐकलाच नाही असं केलं आणि पहिल्यावरच भांडून घेतलं. पिशवीत आबांची घोंगडी कोंबली, फडक्यात भाकरी बांधल्या, वसमतला गाडीत बसले आणि नांदेडला गाडी बदलली.

खिडकीची जागा मिळाली. कापसाची रानं मागं पडली, भाताची आली, ताडाची झाडं आली. फलाटावरच्या पाट्यांची अक्षरं गोल गोल झाली. घोंगडीला अजून मेंढरांचा वास होता. समोरच्या तेलुगू बाईनं नाक मुरडलं नाही, हे तिचे उपकार.

गाडी डुलत होती आणि मी अर्धी जागी, अर्धी लहानपणच्या वाटेवर. आबा सकाळीच मेंढरं घेऊन पुढं निघायचे. कुठं चारणार हे त्यांनाही ठाऊक नसायचं, पण दुपारी मेंढरं पाण्यावर येणारच. म्हणून आमचं ठरलेलं एकच: "भाकर घेऊन पाण्यावर ये, माय." मग मी कधी ओढ्यावर, कधी नदीवर हुडकत जायची. उशीर झाला की भीतीनं माझ्या घशाला कोरड पडायची. आबा मात्र घोंगडी अंथरून निवांत बसलेले. "मी कुठं पळून जातो? पाण्यावरच हाय," एवढंच म्हणायचे.

उजाडताना डोळे उघडले तर गाडी पुलावर होती. खाली पाणी, पाण्यावर धुकं, आणि पलीकडचा काठच दिसेना. पूल संपता संपेना. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, आला समुद्र." तो झोपेतून उठून टकामका बघत राहिला. मी घोंगडी मांडीवर उलगडली आणि मला रडूच आलं. ज्यांना दाखवायचा, ते आबाच नव्हते.

समोरची बाई पाण्याकडं बघून हात जोडत होती. माझा फोन संपल्यावर हळूच म्हणाली, "समुंदर नहीं अम्मा, गोदावरी है. समुंदर अभी दूर."

गोदावरी. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात. नांदेडच्या घाटावरून बघितलं तर पलीकडचं माणूस ओळखू येतं, एवढीच. त्याच घाटावर भावानं आबांची राख तिच्यात सोडली होती. मी पायरीवर उभी होते, न दाखवलेल्या समुद्राचं ओझं घेऊन. पाणी पुढं कुठं चाललंय, हे माझ्या मनातही आलं नाही. अन् अंगणवाडीत लेकरांना रोज सांगते, नदी समुद्राला मिळते म्हणून. कपाळ माझं!

म्हणजे मी तिकीट काढायच्या कितीतरी आधी आबा या पुलाखालून गेले होते. नेहमीसारखे, माझ्या पुढं.

भावाला परत फोन लावला. "अरे, ती आपली गंगा होती. समुद्र पुढंच हाय." तो म्हणाला, "मंग जा ना ताई, भाकर घेऊन. आबा वाट पाहून राहिले असतील."

विशाखापट्टणमला उतरले ती रिक्षा करून थेट किनाऱ्यावर गेले. वाळूत घोंगडी अंथरली, फडकं सोडलं. भाकरी पार कडक झाल्या होत्या. एक तुकडा मोडून पाण्यात सोडला, एक मी तोंडात टाकला. लाट आली आणि घोंगडीची कड भिजवून गेली.

"उशीर झाला, आबा," मी म्हणाले. घशाला कोरड पडली नाही.