पट्टीत लिहिलं होतं 'गोड आजी'

पडद्यावर माझं तोंड आलं आणि खाली पट्टी आली : 'गोड आजी, खारवीवाडा'.

सगळा हॉल हसला. मीसुद्धा हसले. इतकी बावळट मी.

तेव्हा मी लहान होते. एकसष्टची. नवरा बोटीवर खलाशी होता. तो वारल्यावर घरात बोलायला टीव्ही उरला, आणि आमच्या किनाऱ्याबद्दल त्यात जे काय बरळत ते ऐकून मी टीव्हीशीच भांडायची. मुलगा म्हणाला, "आये, त्यापेक्षा शिकायला जा." गेले. इथेच रत्नागिरीत, विद्यापीठाच्या वर्गात. संज्ञापन आणि पत्रकारिता. गळ्यात ओळखपत्र. मच्छी आणायलाही ते घालून जायची. मिरवायला हो, दुसरं काय! मला वाटायचं, झाले मी पत्रकार.

शेवटच्या सत्रात माहितीपट करायचा होता. जोडीला अन्वी. वडिलांच्या गाडीतून यायची, मला 'आज्जू' म्हणायची, माझ्या घरी बांगड्याचं तिखलं खाऊन बोटं चाटायची. मी समजले, नात मिळाली.

विषय माझा. वाड्याखालचं खळं, जिथे आमच्या बायका सुकट वाळत घालतात. तिथे सातबारा नाही, दगड आहेत. ज्या बाईचा दगड तिची जागा. बाई आजारी पडली, मुंबईला मुलाकडे गेली, तरी तिची जागा कुणी घेत नाही. त्या खळ्याला एका रिसॉर्टवाल्याने तारेचं कुंपण घालायला घेतलं होतं.

कॅमेरा बघून बायका गप्प. मग माझी जाऊ, जयूबाय, पुढे आली. "तू इचारतंस म्हणून सांगताव हां. दुसऱ्या कुनाला नाय." मागोमाग सगळ्या बोलल्या. रिसॉर्टच्या माणसांनी त्यांचे दगड कसे उचलून समुद्रात फेकले, तेही बोलल्या. प्रश्न मी विचारले. निवेदन मी लिहिलं, मीच वाचलं. कापून जोडायचं काम तेवढं अन्वीचं, कारण लॅपटॉप तिचा.

आणि विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात पडद्यावर काय? मी ओळखपत्र घालून मच्छीचा भाव करतेय. मी माईक उलटा धरलाय. मागे टिंगटिंग संगीत. बायकांचे फक्त हात, उन्हात सुकट पसरणारे. आवाज नाही. माझं एकच वाक्य ठेवलेलं, आणि त्या मराठी वाक्याखाली मराठीतच सबटायटल. म्हणजे आम्ही बोलतो ते माणसांना कळत नाही. निवेदन अन्वीच्या आवाजात. लेखन अन्वी. संशोधन अन्वी.

कुंपण नाही. दगड नाहीत.

जयूबाय माझ्या शेजारी बसली होती. मीच आणली होती, इस्त्रीची साडी नेसवून. हळूच म्हणाली, "आमचा बोलना कुठं गेला गो?"

अन्वीला गाठलं. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आज्जू, सर म्हणाले कट कर. आणि तुम्ही किती क्यूट दिसताय!"

आमचे सर शेजारीच उभे होते, ते हसले. "आजी, तुम्ही या वयात शिकताय हीच खरी स्टोरी. बाकीचं कोण बघणार?"

सरांच्या मागे फ्लेक्स होता. प्रायोजक म्हणून त्याच रिसॉर्टचं नाव. बातमी कुणाच्या दारात येऊन थांबते ते बघायचं, असं याच सरांनी वर्गात शिकवलं होतं. बघितलं.

मग मला स्टेजवर बोलावलं. 'प्रेरणादायी विद्यार्थिनी'. शाल, नारळ. मी माईक घेतला. सुलटा.

"ही फिल्म माझी नाही. ज्या बायका बोलल्या त्यांची तोंडं दाबलीत. कुणी दाबली, ते मागे फ्लेक्सवर लिहिलंय."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. कुणीतरी माईक बंद केला. मी बंदरावर ओरडत वाढलेली, मला माईक कशाला? तेच पुन्हा बोलले, मोठ्याने. शाल खुर्चीवर टाकली. नारळ घेतला. कालवणाला लागतो.

रिक्षात जयूबाय एक शब्द बोलली नाही. पुढेही कितीतरी दिवस नाही. तिचं बरोबरच होतं. बोलणं तिने माझ्या हाती दिलं होतं, अन्वीच्या नाही. कुंपण पुरं झालं.

पदवी मी घेतली. कापून जोडायलाही शिकले, स्वतःच्या फोनवर.

काल जयूबाय दारात आली. आत आली नाही. "उद्या तारंच्या आत नवे दगड ठेवताव. तू येतंस?"

जाणार. फोन माझ्या हातात राहील, दुसऱ्या कुणाच्या नाही. फिल्म आधी वाड्यात दाखवणार, त्या बायका हां म्हणाल्या तरच बाहेर. पट्टीत प्रत्येकीचं नाव, आडनावासकट. माझंही.

गोड कुणीच नाही.