गळ्यातलं दुखणं

वसमतला सासरी हळद शिजवायच्या दिवसांत मी काम करता करता बसल्या जागी झोपी जायचे. भर चैत्रात मला घोंगडी लागायची. सासूबाई आळशी म्हणायच्या आणि मलाही ते खरं वाटू लागलं होतं. शेवटी त्याच मला हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

"दिवसभर पेंगून राहिली ही," त्यांनी तक्रार केली.

डॉक्टरांनी माझा सुजलेला गळा चाचपला. "आळशी न्हाई, मावशी. गळ्यातली ग्रंथी मंदावली, म्हणून हिला थकवा येतो."

आजारी आहे हे ऐकून मला हायसं वाटलं. गोळ्या हिंगोलीत मिळत नव्हत्या, त्या हैदराबादहून आल्या. दोन-तीन महिन्यांत अंगात ताकद आली. सासूबाई माफी मागणाऱ्यातल्या नव्हत्या. पण जाऊबाई एकदा मला आळशी म्हणाल्या, तेव्हा सासूबाई त्यांच्यावर खेकसल्या, "आजारी होती ती. तुला काय ठावं?"