अक्काचा अंगठा

अक्का फोटो हातात घ्यायची तेव्हा तिचा अंगठा नेहमी एकाच जागी बसायचा, अगदी उजव्या कोपऱ्यात. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गुलबर्ग्याच्या स्टुडिओत काढलेला तो जुना फोटो ती आमच्या गावी, कमठाण्यात, आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवायची.

"हे आमचे अप्पा. बूट बघा, स्टुडिओचे हायत. पायात बसनात म्हणून बोटं मुडपून बसलेत, त्यानं असे रागीट दिसायलेत. ही माय. मांडीवरचं हे हिचा बाप," असं म्हणून माझ्याकडं बोट. "आन् ही मी."

"आन् अंगठ्याखाली कोण?" कुणीतरी विचारायचंच.

"धाकटी, चंद्रा. फोटोच्या टायमाला हलली, म्हणून पुसट आली."

एवढंच. चंद्राआत्याला लांब दिलं होतं. दोन-तीन वर्षं पत्रं आली, मग थांबली. अक्का सोडली तर घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

मी सातवीत शाळा सोडली. पुढं लांब तमिळनाडूत, तिरुपूरच्या शिलाई कारखान्यात काम मिळालं तेव्हा मला एकच भीती होती, आता मीही त्या अंगठ्याखाली जाणार. सगळे मला समजावत होते. अक्कानं काही समजावलं नाही. गुलबर्गा स्टेशनवर तिनं खिडकीतून माझं मनगट धरलं.

"सोड की अक्का, गाडी सुटायली."

"सुटंल की. तू कामून घाई करायलीस?"

इथं मराठी बोलायला कुणी नाही. अक्काचा फोन आला की पहिला प्रश्न, "जेवलीस का?" मी पटकन "व्हय" म्हणायची.

"खोटं बोलायलीस. जेवलेलं माणूस इतक्या लवकर व्हय म्हणत न्हाई. ऊठ, दोन घास खा."

आणि मी खरंच उठून खायची. तिचे उपकार हे असे होते.

अक्का गेली तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. महिन्याभरानं भावानं तो फोटो पाठवला. माझ्याकडं द्यायला तिनंच सांगितलं होतं. तो कोपरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. चंद्राआत्या हललेली नव्हती. तिच्या परकराची चुणी न् चुणी स्पष्ट होती. फक्त चेहरा तेवढा घासून पांढरा झाला होता. आणि शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या अक्कानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

फोटोमागं नावं होती, भावाच्या अक्षरात. अप्पा, माय, वडील, अक्का, चंद्रा. चंद्राच्या खाली माझं.

मी भावाला फोन लावला.

"नावं लिहायला लावली तवा मी म्हणलं की तिला," तो म्हणाला. "अक्का, ही तर फोटोत न्हाई. तर म्हणली, म्हणूनच लिही."